एमटीबी आधी अंगाला बसवा, मग नटवा

पुण्यात एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेतली की पहिल्याच आठवड्यात बाटलीचा स्टँड येतो, रंगीत ग्रिप येतात, पॅडल बदलली जातात. सीटची उंची मात्र दुकानातून निघताना होती तीच सहा महिन्यांनीही असते. मग वेताळ टेकडीच्या दोन फेऱ्यांत गुडघे बोलायला लागतात, सिंहगडाच्या चढावर करंगळीला मुंग्या येतात आणि सायकलच चुकीची घेतली असं वाटायला लागतं. सायकल बहुतेक वेळा बरी असते, फक्त तुमच्या मापाला लावलेली नसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बैठक, मग चाकं आणि ब्रेक, मग साफसफाई, आणि नटवणं शेवटी. नटवायला आमची अजिबात ना नाही. देखणी सायकल जास्त वेळा घराबाहेर निघते. पण चुकीच्या जागी मारलेला पॉलिशचा एक फवारा ब्रेक घालवतो, म्हणून नटवण्याचीही रीत माहीत हवी.

हत्यारं फार लागत नाहीत. २ ते ८ मिमीच्या एलन की, टी२५ टॉर्क्स, पॅडलसाठी १५ मिमीचा पाना, गेज असलेला फ्लोअर पंप, फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुभागलेला भाग, हवेवर दबणारा असेल तर शॉक पंप, ग्रीसची ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन जुने टूथब्रश आणि धुतलेली सुती फडकी. ऐपत असेल तर छोटा टॉर्क पाना घ्याच. स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट अंदाजाने आवळून आटे गेले की सगळा स्टेम बदलावा लागतो.

सीट: उंची, जागा, कल

अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा, पावलांमध्ये वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये उभं धरा आणि सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. तिला ०.८८३ ने गुणा. लांबी ८० सेंमी असेल तर उत्तर ७०.६ सेंमी येतं. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून, सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांडीच्या) रेषेत, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत एवढं अंतर ठेवा. हा सुरुवातीचा आकडा आहे. टेकडीवरच्या खडबडीत वाटांसाठी तो ५ ते १० मिमीने कमी केलेला चालतो.

आकडा बरोबर आला का, हे टाचेने तपासा. नेहमीचे बूट घालून सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. आता टाचेच्या जागी पंजाचा जाड भाग ठेवला की गुडघ्यात २५ ते ३० अंशांचा वाक उरतो. तोच हवा.

चूक कुठे आहे हे शरीर सांगतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे. गुडघ्याच्या मागची शीर ताणली जात असेल तर ती वर गेली आहे. मागून पाहणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवी डुलताना दिसत असेल तरी ती वरच आहे. बदल एका वेळी ५ मिमीचाच करा आणि दोन राइड करून मग ठरवा. एकदम दोन सेंमी हलवलं तर नेमकं कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

पुढे-मागे सरकवताना क्रँक आडवे करा, म्हणजे पुढचा पाय घड्याळातल्या तीनवर येईल. दोऱ्याला नट बांधून तो पुढच्या गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून सोडा. दोरा पॅडलच्या आसाच्या आसपास पडला की झालं. कलासाठी सीटवर एखादी लांब वही सीटच्या लांबीत ठेवून वर स्पिरिट लेव्हल किंवा मोबाइल ठेवा. सीट सपाट ठेवा, फार तर नाक २ अंश खाली. नाक याहून खाली गेलं की शरीर पुढे घसरतं, ते थोपवायला हात ताठ होतात, आणि तासाभराने मनगट व करंगळी बधिर होते. लोक मग ग्रिप बदलत बसतात.

सीटच्या रुंदीबद्दल एक घरगुती चाचणी आहे. पार्सलच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा, त्यावर थोडं पुढे वाकून अर्धा मिनिट बसा. उठल्यावर बैठकीच्या दोन हाडांचे खड्डे उमटलेले दिसतात. त्यांच्या मध्यांमधल्या अंतरात साधारण २ सेंमी मिळवले की सीटची रुंदी मिळते. जेलचं कव्हर मात्र घेऊ नका. फार मऊ गादीत हाडं बुडतात, मधल्या नाजूक भागावर दाब येतो आणि अर्ध्या तासानंतर त्रास वाढतो. तेच पैसे पॅड असलेल्या शॉर्टमध्ये घाला. ती आत काहीही न घालता वापरायची असते.

सीटपोस्टवर किमान आत घालण्याची रेघ कोरलेली असते, ती कधीही दिसता कामा नये. दिसली तर फ्रेमची नळी तडकू शकते, लांब पोस्ट घ्या. पोस्ट धातूची असेल तर ग्रीसचा पातळ हात देऊन बसवा; कार्बनला ग्रीस नको, कार्बन पेस्ट. पावसाळ्यात सीटक्लॅम्पच्या, म्हणजे पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या, फटीतून पाणी आत जातं आणि कोरडी बसवलेली पोस्ट ऑक्टोबरपर्यंत नळीत जाम होते. दोन महिन्यांतून एकदा काढून पुसा. उंचीची खूण म्हणून पोस्टवर इलेक्ट्रिकचा टेप गुंडाळा, म्हणजे उतारावर सीट खाली करून पुन्हा त्याच जागी आणता येते. टेकडीच्या तीव्र उतारावर ती चार-पाच सेंमी खाली असलेली बरी, शरीर मागे नेता येतं.

हँडल आणि हात

सीट जमल्याशिवाय हँडलला हात लावू नका, कारण सीट हलली की हँडलचं अंतर बदलतं.

स्वस्त एमटीबींवर स्टेम थोडा वर वळलेला असतो. तो उलटा लावला की हँडल खाली येतं. ८० मिमीच्या, ७ अंश कलाच्या स्टेमने हा फरक जवळपास २ सेंमीचा पडतो. पाठ दुखणाऱ्याने स्टेम वरच्या बाजूला ठेवावा आणि रिंगा, म्हणजे स्पेसर, स्टेमच्या खाली घालाव्यात. चढावर पुढचं चाक उचललं जात असेल तर उलट करावं.

हे करताना हेडसेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर वळतं तो सांधा, उघडतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. क्रम नीट लक्षात ठेवा. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट काढा. पुन्हा बसवताना उलट: आधी वरची टोपी, मग बाजूचे बोल्ट. टोपीचा बोल्ट बेअरिंगमधला ढिलेपणा काढण्यापुरताच असतो, हँडल धरून ठेवणं हे त्याचं काम नाही. तो थोडा थोडा आवळा, पुढचा ब्रेक दाबा, हँडल काटकोनात वळवा आणि सायकल पुढे-मागे ढकला. दुसऱ्या हाताचं बोट हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. बोटाला टकटक जाणवली तर अजून पाव वळसा. टकटक थांबली आणि पुढचं चाक उचलल्यावर हँडल आपल्या वजनाने मोकळं वळतंय, हीच जागा. आता चाकाशी हँडल सरळ करा आणि बाजूचे बोल्ट आलटून पालटून आवळा. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ५ किंवा ६ न्यूटन-मीटर. हँडल धरणाऱ्या पुढच्या पट्टीच्या चार बोल्टांमध्येही वर-खाली फट सारखी राहील असं पाहा.

हँडलची रुंदी कापून कमी करण्याआधी ग्रिप आणि ब्रेक लिव्हर आत सरकवून आठवडाभर चालवा. नंतर प्रत्येक बाजूने ५ मिमीच कापा. ब्रेक लिव्हर जमिनीला समांतर नको. सीटवर बसून हात सरळ सोडले की मनगट न मोडता बोट लिव्हरवर पडायला हवं, साधारण ३० ते ४५ अंश खाली. हायड्रॉलिक ब्रेकला एक बोट पुरतं, म्हणून लिव्हर आत सरकवा, तर्जनी त्याच्या टोकाच्या वाकावर येईल इतका.

ग्रिप घेताना बोल्टने आवळता येणाऱ्या लॉक-ऑन घ्या. नुसत्या रबरी ग्रिप पावसात फिरतात, आणि उतारावर ग्रिप फिरली तर पडायला क्षण पुरे.

पॅडल बसवताना डावं उलट्या आट्याचं असतं हे विसरून लोक क्रँकचे आटे घालवतात. सोपी खूण: पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पॅडल आवळतात. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन वेढे हातानेच द्या.

हवा, आणि बाभळीचे काटे

आरामाचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे हवा. पेट्रोल पंपावर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात "टाइट भरा" म्हटलं की ५०-६० पीएसआय भरून मिळते. अशा टायरवर टेकडीचा प्रत्येक खडा मणक्यापर्यंत पोहोचतो आणि मुरमाच्या उतारावर पकडही राहत नाही. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. किमान दाबही छापला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका.

सत्तर किलोच्या माणसाला, ट्यूब असलेल्या २.१ ते २.२ इंची टायरला टेकडीवर पुढे २६ ते २८ आणि मागे २८ ते ३० पीएसआय पुरतात. ट्यूबलेस असेल तर २२ ते २५. खडकवासला-सिंहगड असा डांबरी रस्ताच असेल तर ३५ ते ४० ठेवा. दर दहा किलो वजनामागे दोन-एक पीएसआय वर-खाली करा. फार कमी केलीत तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगडामध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. अशी जोडी दिसली की काटा शोधू नका, हवा वाढवा.

पुण्याच्या टेकड्यांवर पंक्चरचं मुख्य कारण बाभळीचा काटा आणि सराटा. सराट्याचा काटा आखूड पण तिन्ही बाजूंनी टोकदार असतो, हाताला लागतो आणि दिसतोही. बाभळीचा फसवा. तो टायरमध्ये शिरून बाहेरच्या बाजूला मोडतो, टोक तेवढं आत राहतं. वरून काहीच दिसत नाही, नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही जाते. ते टोक शोधायला बोट फिरवू नका, कापसाचा बोळा घ्या. टायरच्या आतून बोळा हळूहळू फिरवला की जिथे काटा आहे तिथे कापसाचे तंतू अडकतात. मग बाहेरून टायर दुमडा, टोक वर येतं, नखकात्रीने किंवा बारीक चिमट्याने ओढा.

इथे एक देखणी सवय कामाला येते. टायर चढवताना त्यावरचं नाव बरोबर व्हॉल्व्हच्या जागी आणा, दोन्ही चाकांना. सायकल व्यवस्थित दिसते. शिवाय ट्यूबमधलं छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते पाहिलं की टायरमध्ये काटा कुठे असेल ते लगेच कळतं, सगळा टायर चाचपावा लागत नाही.

पॅच लावताना घाई नको. पॉलिश पेपरने जागा खरवडा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चार-पाच मिनिटं थांबा. ओलं असताना चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो. बोट लावून पाहू नका, चकाकी गेली की तयार.

टेकडीवर नियमित जाणाऱ्याने, रिम आणि टायर त्यासाठीचे असतील तर, ट्यूबलेस करावंच. २९ इंची २.२ टायरला साधारण १०० मिली सीलंट लागतं, २७.५ ला ८० ते ९०. काटा काढला की ते छिद्र खालच्या बाजूला आणून चाक अर्धा मिनिट तसंच ठेवा, सीलंट तिथे जमून बुजवतं. सीलंट वाळतं, आणि मार्च ते मे तर लवकर. दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हच्या आतून बारीक काडी घालून पाहा, ओली आली नाही तर ५० मिली आणखी घाला.

फोर्क

हवेचा फोर्क असेल तर सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने तो किती दबतो ते, पाहा. लॉकआउट (फोर्क कडक करणारी कळ) उघडा, फोर्कच्या नळीवरची रबरी रिंग खाली सरकवा (नसेल तर झिप-टाय बांधा), राइडच्या कपड्यांत हळूच सायकलवर चढा, पॅडलवर उभं राहून हात हँडलवर ठेवा, उड्या न मारता उतरा. १०० मिमीपर्यंत दबणाऱ्या फोर्कला रिंग १५ ते २० मिमी सरकायला हवी, खडकाळ वाटांसाठी २५ पर्यंत. जास्त सरकली तर हवा भरा, कमी सरकली तर सोडा, एका वेळी ५ पीएसआय. दबलेला फोर्क परत येण्याचा वेग लाल खुंटीने बदलतो. हँडल दाबून सोडल्यावर पुढचं चाक जमिनीवरून उसळलं तर वेग जास्त आहे.

स्प्रिंगच्या साध्या फोर्कला वरच्या खुंटीने फारसा फरक पडत नाही. पन्नास-पंचावन्न किलोच्या माणसाला तो कडकच लागणार. त्याच्या मागे न लागता टायरची हवा नीट ठेवा, जास्त आराम तिथे मिळतो. फोर्क कोणताही असो, नळ्या प्रत्येक राइडनंतर कोरड्या फडक्याने पुसा. सीलजवळची माती आत गेली की ती पॉलिश पेपरसारखी घासते, आणि चरा पडलेली नळी दुरुस्त होत नाही. खालच्या भागातलं तेल आणि सील साधारण ५० तासांच्या राइडनंतर बदलायला द्या.

ब्रेक

डिस्क आणि पॅडला तेलाचा, सिलिकॉनचा, पॉलिशचा किंवा बोटांचाही स्पर्श नको. चेनवर स्प्रे मारताना उडालेला तुषार, टायर काळा करायचा लिक्विड, फ्रेमच्या पॉलिशचा फवारा, सगळं डिस्कवर जाऊन बसतं. आधी कर्कश आवाज येतो, मग ब्रेक लागेनासा होतो. म्हणून कोणतीही वस्तू सायकलवर फवारू नका, फडक्यावर घ्या आणि पुसा.

डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने, वेगळ्या स्वच्छ फडक्याने पुसावी. पॅड हलकेच खराब झाले असतील तर १५० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर चार-सहा वेळा घासा. तेल मुरलं असेल तर ते पॅड टाकून द्या. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीस वेळा, साधारण २० किमीच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडवता ब्रेक लावत या. हे केलं नाही तर पॅड चकाकतात आणि कायम किंचाळतात.

पॅडवरचा घासला जाणारा थर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत आला की बदला. शिमानोच्या डिस्कवर किमान जाडी १.५ मिमी कोरलेली असते, नवी १.८ असते. डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलेलं असेल तर धातूचे पॅड घालू नका, डिस्क खाल्ली जाते. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, दुसऱ्या काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं की सील फुगून ब्रेक निकामी होतो. ब्रेकवर काय लिहिलंय ते वाचून मगच बाटली उघडा.

चाक फिरताना सळसळ येत असेल तर कॅलिपरचे, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे, दोन बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, तसंच धरून बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. दहापैकी आठ वेळा एवढ्यानेच भागतं. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबली जाऊ नये म्हणून पॅडमध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला. सिंहगडाचा सुमारे ९ किलोमीटरचा उतार सतत हलका ब्रेक दाबून उतरू नका. वळणाआधी नीट दाबा, मग पूर्ण सोडा. डिस्कला थंड व्हायला तेवढीच उसंत मिळते.

चेन

सायकलचं रूप बघायचं तर आधी चेन बघा. काळ्या राडाने माखलेली चेन असेल तर महागडा रंगही उठत नाही.

तेलाचं काम कडीच्या आत, पिन आणि रोलरमध्ये आहे. बाहेरचं तेल फक्त धूळ धरतं, आणि तेल-धुळीची ती पेस्ट दाते खाते. म्हणून एका कडीला एकच थेंब. बाटलीचं टोक खालच्या बाजूच्या चेनच्या आतल्या अंगावर टेकवा, क्रँक उलटा हळू फिरवा, प्रत्येक रोलरवर थेंब पडू द्या. जोडकडीपासून सुरू करून पुन्हा तीच आली की थांबा. वीस वेढे उलटे द्या, रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यात चेन धरून फडकं जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पुसा. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण करत नाहीत. इंजिन ऑइल, खोबरेल तेल, डब्ल्यूडी-४० यांतलं काही चेनला वंगण म्हणून घालू नका. पहिली दोन धूळ ओढतात, तिसरं आत टिकत नाही. ऑक्टोबर ते मे ड्राय ल्यूब, पावसाळ्यात वेट ल्यूब.

चेन ताणली आहे का हे स्टीलच्या पट्टीने कळतं. एका पिनच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवा, २४ कड्या पुढे १२ इंचावर बरोबर पिन यायला हवी. पिन १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदला. १/८ इंच गेली तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही, गेली असं समजा. स्वस्त चेन वेळेवर बदलणं कॅसेट बदलण्यापेक्षा कधीही परवडतं.

गिअरचं थोडक्यात: गिअर पुढे-मागे अडखळत असतील तर डिरेलरजवळच्या (डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबलच्या गोल खुंटीला अर्धा वळसा देऊन पाहा. काही गिअर बरोबर आणि काही बिघडलेले असतील तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, बहुधा वाकला आहे. एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंना हात लावण्याआधी तो सरळ करून घ्या. हँगर मुद्दामच मऊ धातूचा असतो, म्हणून सायकल कधीही उजव्या बाजूवर आडवी ठेवू नका.

धुणं

वॉशिंग सेंटरच्या जेटखाली सायकल देऊ नका. तो दाब हब (चाकाचा मध्य), बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या आसाचं बेअरिंग) आणि हेडसेटच्या सीलमधून पाणी आत ढकलतो, ग्रीस बाहेर येतं आणि महिन्याभरात करकर सुरू होते. दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, एकीत साधं पाणी. आधी डीग्रीझर आणि ब्रशने चेन व कॅसेट, मग वेगळ्या स्पंजाने फ्रेम. चेनचा स्पंज डिस्कला लागता कामा नये. धुऊन झाल्यावर सायकल दोनदा आपटा, पाणी झटकलं जातं. मग पुसा, चेन पूर्ण वाळू द्या आणि तेल द्या. ओल्या चेनवर दिलेलं तेल वाया जातं.

पावसाळ्यात टेकडीवरून आल्यावर रात्री धुवायचा कंटाळा आला तरी एवढं करा: बाटलीभर साधं पाणी चेनवर आणि फोर्कच्या नळ्यांवर ओता, फडक्याने कोरडं करा, चेनला तेल लावा. चिखल सकाळी निघेल, गंज निघणार नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकचं कव्हर घालून ओली सायकल ठेवली तर आत दमटपणा कोंडतो आणि बोल्टच्या डोक्यांवर तांबूस डाग येतात. कापडी कव्हर बरं. गॅलरीत ठेवत असाल तर दुपारचं ऊन टायरवर पडणार नाही असं पाहा, कडांना चिरा पडतात.

आता रूप

सायकल नवी असतानाच रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म लावा. गाड्यांना ही फिल्म (पीपीएफ) लावणाऱ्या दुकानात कापून उरलेले तुकडे असतात, ते पुरतात. जागा चार: खालच्या नळीचा खालचा भाग, चेनशेजारची मागची नळी, केबल घासतात तो हेड ट्यूबचा (हँडलखालच्या नळीचा) भाग, आणि बुटाची टाच घासते ती मागची नळी. फ्रेम अल्कोहोलने पुसा, पाण्यात दोन थेंब बेबी शॅम्पू घालून ते फडक्याने फ्रेमवर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर ओलं करा, फिल्म सरकवून जागेवर आणा, जुन्या एटीएम कार्डला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढा. वळणावर हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या. चोवीस तास धुऊ नका.

चेनशेजारच्या नळीवर जुनी ट्यूब गुंडाळणं स्वस्त आणि शांत. चेन आपटल्याचा आवाज बंद होतो. फक्त पावसाळ्यानंतर ती उकलून खालचं पाणी पुसा.

मॅट रंगाला वॅक्स किंवा पॉलिश लावू नका. तिथे चकाकणारा डाग उरतो आणि सगळी फ्रेम कळकट दिसते. शॅम्पू आणि पाणी एवढंच. चकचकीत रंगाला गाडीचं वॅक्स चालतं, फडक्यावर घेऊन. रंगाचा टवका उडाला असेल तर जुळत्या रंगाचं नेलपॉलिश टूथपिकच्या टोकाने भरा, एक थर वाळल्यावर दुसरा. स्टीलच्या फ्रेमला हे लगेच करा, तिथे गंज धरतो.

रंगीत भागांसाठी एकच रंग ठरवा, तो तीन ठिकाणी आणा, पुरे. ग्रिप, सीटक्लॅम्प, बाटलीचा स्टँड. चार रंग आले की सायकल जत्रेतली दिसते. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट बाटलीच्या स्टँडला आणि हेडसेटच्या टोपीला ठीक आहेत. स्टेम, ब्रेक आणि डिस्कला स्टीलचेच हवेत, अ‍ॅल्युमिनियम तिथे तुटतं. लाल-जांभळी अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा रंगीत थर) उन्हात फिकी पडते हेही धरून चाला.

सगळ्यात मोठा फरक केबलने पडतो. हँडलसमोर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लोंबणाऱ्या केबल पाहिल्या की सायकल स्वस्त वाटते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. केबल ताणली जाणार नाही इतकी लांबी ठेवून उरलेली कापा, टोकाला टोपी बसवा, कापताना केबल कटरच वापरा, पकडीने तंतू सुटतात. हायड्रॉलिक नळी आखूड करायला मात्र नवं फिटिंग आणि बहुधा ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) लागतं, ते मेकॅनिककडे द्या. कॅसेटमागची पारदर्शक प्लॅस्टिकची चकती पिवळी पडली असेल आणि गिअर नीट लावलेले असतील तर काढून टाका. रिम आउट, म्हणजे वाकडी, असेल तर सरळ करून घ्या. डगमगतं चाक लांबूनही दिसतं.

पाऊस संपत आला की दसऱ्याच्या आधी एक मोठी सर्व्हिस ठेवा. हब, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट उघडून बेअरिंग पाहणं, सीटपोस्ट काढून पुसणं, गिअरच्या केबल बदलणं. मग पूजा. गंध-हळद-कुंकू हँडलच्या मध्यावर किंवा सीटखालच्या फ्रेमवर लावा. डिस्क आणि पॅडजवळ नको, आणि फ्रेम मॅट असेल तर आधी तिथे टेपचा तुकडा चिकटवून त्यावर लावा, हळदीचा डाग मॅट रंगातून जात नाही. झेंडूचा हार हँडलला बांधा, पण राइडला निघण्याआधी त्याचा दोरा कात्रीने कापून काढा. सुटलेला दोरा पुढच्या हबमध्ये किंवा मागच्या डिरेलरच्या चाकांत गुंडाळला जातो आणि तो काढायला डिरेलर उघडावा लागतो.